रेडिएटरमधली हळद

मी ज्या माणसाला मारलं त्याची चूक नव्हती, आणि हे मला मारतानाच माहीत होतं. नंतर कळलं असतं तर मी माफी मागून मोकळा झालो असतो. तसं झालं नाही म्हणून हे लिहितो आहे.

तो सांगलीतला डिझेल गाड्यांचा मिस्त्री. विश्रामबागेच्या पुढं, मिरजेकडं जाताना रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गॅरेज. त्याची तपासायची एक पद्धत होती. इंजिन चालू ठेवायचं, लाकडी मूठ बसवलेली हातभर लांब सळई इंजिनच्या अंगाला टेकवायची, मूठ उजव्या कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. डावा कान लहानपणी वाहून वाहून निकामी झालेला, त्यामुळं सगळं ऐकणं उजव्या कानानं. सळई इंचाइंचानं सरकवत तो सांगायचा, आवाज तिसऱ्या सिलिंडरचा आहे की पंपाचा, की आत एखादं बेअरिंग बोलतंय. खोलून बघितल्यावर तसंच निघायचं. जत, कवठ्याहून लोक गाड्या ओढत त्याच्याकडं आणत.

त्याचा तो उजवा कान मी फोडला.

मी वीस वर्षं फौजेत गाड्या चालवल्या. बर्फात, वाळूत, कुठंही. निवृत्त होऊन तासगावकडच्या आमच्या गावी आलो आणि एक जुनी पिकअप घेतली. फलटणच्या एका माणसाची होती, कारखान्याच्या कामावर फिरलेली. सांगलीतून भाजीपाला, कांदा-बटाटा भरायचा, महाबळेश्वरच्या हॉटेलांना पोचवायचा, येताना स्ट्रॉबेरी आणायची. बरोबर मेहुणा असायचा, बायकोचा धाकटा भाऊ. अंगानं बैलासारखा. माझ्यावर त्याची भक्तीच होती म्हटलं तरी चालेल. "दाजींनी बॉनेट उघडलं की गाडीच घाबरती," असं तो चारचौघांत सांगायचा. मला ते आवडायचं.

पहिल्याच हंगामात रेडिएटर गळायला लागला. थेंब थेंब. खरं तर तो काढून झाळून घ्यायचा, दोन दिवसांचं काम. पण भाजीची फेरी चुकवायची नव्हती. आमच्या भागात अशा वेळी ड्रायव्हर काय करतात ते सांगतो. हळदीची पूड मूठभर रेडिएटरमध्ये टाकतात. पाण्यात हळद फुगते, बारीक भोकात जाऊन बसते आणि गळती थांबते. सांगली भागात घरात हळदीला काय तोटा? मेहुणा चहाला गेला होता तेव्हा मी एक मूठ टाकली. थोडं थांबलं. मग आणखी टाकली. एकूण पाच मुठी झाल्या. गळती बंद झाली, आणि मेहुण्याला मी सांगितलं की होसपाइपचा क्लिप ढिला होता, आवळला.

पाच मुठी म्हणजे काय हे मला कळत होतं. फौजेत एका जवानानं असं केलं होतं तर मी त्याला सगळ्यांसमोर कान धरून गाडीभोवती पळवलं होतं. जे भोक बुजवायचं तेच हळद बुजवते असं नाही, आतल्या बारीक नळ्याही बुजवते. मग पाणी फिरत नाही आणि इंजिन तापतं.

महिन्याभरानं तसंच झालं. वाईच्या वर पसरणीच्या घाटात तापमानाचा काटा लालमध्ये गेला. मी गाडी कडेला घेतली आणि थांबायचा धीर न धरता फडकं टाकून रेडिएटरचं झाकण फिरवलं. उकळतं पाणी उसळून हातावर आलं. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी पांढरी झाली, मग सोलली. त्या पाण्याला पिवळी झाक होती. मेहुणा धावत येईपर्यंत मी बंपरला लाथा घालत होतो. तो म्हणाला, "दाजी, हात! हात बघा आदी!" मी दुसऱ्या हातानं त्याला ढकललं. तो मागच्या दगडावर पडला, उठला आणि पाण्याची बाटली घेऊन आला. मला राग आला की आधी कोणीतरी मार खातो, हे त्याला तोवर सवयीचं झालं होतं.

गाडी नंतर चालायची, पण पांढरा धूर टाकायची, चढाला दम धरायची नाही. मिस्त्रीकडं न्यायची ठरली. आदल्या दिवशी मी एकट्यानं गाडी विहिरीवर नेली आणि रेडिएटरचं पाणी चार वेळा काढून चार वेळा भरलं. शेवटी स्वच्छ आलं. आत नळ्यांत जे चिकटलं होतं ते निघालं नव्हतं, निघणारही नव्हतं. पाणी तेवढं नितळ दिसलं म्हणजे झालं.

एवढं का केलं? मिस्त्रीच्या जिभेमुळं. हळद टाकून आलेल्या ड्रायव्हरला तो सोडायचा नाही. समोरच्या चहाच्या गाड्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडायचा, "आवं, नवरी आलीया हळद लावून! अक्षता आना!" मग गाड्यावरचे सगळे उठून त्या माणसाला विचारायचे, लग्न कधी, जेवण कुठं, करवली कोण. एकदा मीही त्या हसण्यात होतो. मी तर म्हणालो होतो, असल्यांचं लायसनच काढून घ्यायला पाहिजे. मेहुणा तेव्हा शेजारी बसून मान डोलावत होता.

मिस्त्रीनं गाडी तपासली. ऑइलची पट्टी काढून बघितली. ऑइल दुधाच्या चहासारखं झालं होतं, म्हणजे त्यात पाणी मिसळत होतं. थंड इंजिनवर रेडिएटरचं झाकण काढून स्टार्टर मारला, तर पाण्यात बुडबुडे. मग सळई कानाला लावून डोळे मिटले, बराच वेळ.

"फौजी, हेड ग्यास्केट गेलंय, इंजिनच्या वरच्या झाकनाखालचं. हेड वाकलंबी आसंल. लेथवर फेसिंग करून सपाट करून घिऊ, नवीन ग्यास्केट टाकू. पर एक सांगा. गाडी तापली का? ग्यास्केट उगं जात न्हाई. रेडिएटर खोलून बघाय पायजे."

"कशाला? नवाच हाय म्हनला हुता आधीचा मालक."

"काय टाकलंबिकलं न्हाई न्हवं आत?"

गाड्यावर पाचसहा जण बसले होते. मेहुणा माझ्या शेजारी होता.

"न्हाई," मी म्हणालो. "मी काय अडानी हाय व्हय?"

मिस्त्री हसला. हात पुसत म्हणाला, "बरं. फौजी मानूस, तुमच्या शब्दावर. न्हाईतर मी खोलल्याबिगार सोडत न्हाई कुनाची."

त्यानं हेडचं काम नीट केलं. गाडी पंधरा दिवस उत्तम पळाली, कारण त्या दिवसांत आम्ही घाट चढलोच नाही. सोळाव्या दिवशी कांदा-बटाटा भरून महाबळेश्वरला निघालो. पसरणीच्या निम्म्या घाटात काटा चढायला लागला. मी बघत होतो. थांबायला हवं होतं. थांबलो असतो तर मेहुणा विचारणार, परत कसं तापलं? मी दाबत राहिलो. एका वळणावर आत काहीतरी लोखंडावर लोखंड घासल्यासारखं किंचाळलं आणि इंजिन जागीच जाम झालं. इंजिन बंद पडलं की ब्रेक दगडासारखा होतो. गिअर मी घाबरून काढला होता; दोन्ही पायांनी ब्रेकवर उभा राहिलो तरी भरलेली गाडी मागं सरकत गेली. दाराबाहेर दरी होती. मागच्या बाजूनं कठड्यावर आदळलो. कठड्याचे दोन दगड खाली गेले, गाडी थांबली. मेहुण्याचं कपाळ डॅशबोर्डवर आपटून फुटलं होतं. रक्त त्याच्या भुवयांवरून डोळ्यांत जात होतं आणि तो एका हातानं ते पुसत दुसऱ्या हातानं माझा दंड चाचपत होता. "दाजी, लागलं न्हाई न्हवं? लागलं न्हाई न्हवं?"

मी त्याला तेव्हाच सांगू शकलो असतो. दरीच्या काठावर, त्याच्या रक्ताकडं बघत. त्यानं विचारलं, "काम तर केलं हुतं न्हवं मिस्त्रीनं?"

मी म्हणालो, "केलं आसतं तर ही येळ आली आसती का?"

बाकी सगळं त्या एका वाक्यातून झालं.

वाईत त्याच्या कपाळाला सात टाके घातले. मी जाऊ दे म्हणत होतो, पण मेहुणा ऐकेना. ज्यानं बिघडवली त्याच्याच दारात गाडी न्यायची. सांगलीला परत निघालेल्या एका रिकाम्या ट्रकात पिकअप चढवून आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी गॅरेजवर उतरवली. मिस्त्री एका जीपखालून बाहेर आला. मेहुण्याचं बांधलेलं कपाळ बघून म्हणाला, "आवं, ह्ये काय? कुटं धडाकला?"

"तुज्या कामानं धडाकलो," मेहुणा म्हणाला. "आमी मेलो आसतो काल."

मिस्त्री गाडीपाशी गेला, बॉनेट उघडलं, सगळीकडं हात फिरवला. मग वाकला आणि रेडिएटरच्या खालच्या पाइपचा क्लिप सोडायला लागला. "आज मी ह्यो खोलनार," तो म्हणाला. "माझ्या हेडला काय झाल्यालं न्हाई. तापायचं कारन ह्यात हाय."

स्क्रू फिरत होता. मी त्याची बोटं बघत होतो. अजून दोन फेरे आणि पाइप निघाला असता, आणि आतला पिवळा गाळ सगळ्यांसमोर त्याच्या हातावर आला असता.

लोकांना वाटलं मला राग आला. गावात अजून तसंच सांगतात. राग नव्हता. ते भय होतं, आणि त्या भयात मी त्याची कॉलर धरून त्याला उभा केला. "माझ्या गाडीला परत हात लावशील?" असं काहीतरी ओरडलो आणि पूर्ण ताकदीनं त्याच्या उजव्या कानावर हाणली. तळहात वाकवून, जसं फौजेत शिकलो होतो. फटाका फुटल्यासारखा आवाज झाला. तो फिरला आणि गाडीच्या कोपऱ्यावर आपटला. मेहुण्यानं मागून त्याचे दोन्ही हात धरले. मी आणखी तीनदा त्याच कानावर मारलं, मग पोटात गुडघा. तो खाली बसला तेव्हा लाथ. त्याची बायको शेडच्या मागच्या खोलीतून धावत आली, माझ्या पाठीवर मुठी मारायला लागली. "सोडा वो! सोडा! मरंल त्यो!" मी कोपरानं तिला मागं ढकललं. गाड्यावरच्या लोकांनी आम्हाला ओढून काढलं तेव्हा मिस्त्रीच्या कानातून रक्ताची बारीक धार मानेवरून शर्टात उतरत होती. तो फार मोठ्यानं बोलत होता. "रेडिएटर खोला! रेडिएटर खोला कुनीतरी!" त्याचा आवाज किती मोठा झालाय हे त्याला कळत नव्हतं.

कोणी खोललं नाही. मी गाडी लगेच दुसऱ्या गाडीला बांधून तिथून काढली.

कोणीतरी मोबाइलवर चित्रण केलं होतं. संध्याकाळपर्यंत ते आमच्या गावच्या ग्रुपवर आलं. "फौजीनं शिकवला धडा." खाली शाबासकीचे अंगठे, पिळदार दंडांची चित्रं. मिस्त्री मुसलमान, तेव्हा दोघांतिघांनी त्यावरूनही लिहिलं, आणि मी वाचून गप्प बसलो. पारावर मला चहा पाजला गेला आणि तो मी प्यालो. मिस्त्रीनं पोलिसांत तक्रार दिली नाही. का दिली नाही ते त्या लिहिणाऱ्यांना बघून मला कळत होतं. मेहुणा सगळ्यांना सांगायचा, "मी धरला, दाजींनी हानला."

ते चित्रण मी पन्नास वेळा तरी बघितलं असेल. सुरुवातीला त्यात मिस्त्रीचा हात क्लिपवर दिसतो, आणि मी दिसतो त्याच्या हाताकडं बघताना. बाकी कोणाला त्यात काही दिसत नाही.

कराडच्या एका गॅरेजवाल्यानं पुढं इंजिन खोललं. रेडिएटर कापला तर नळ्यांत पिवळी ढेप, वाळलेल्या चिखलासारखी. "कुनी टाकली एवढी?" त्यानं विचारलं.

"आधीच्या मालकानं टाकली आसंल," मी म्हणालो. म्हणजे तिथंही खोटंच.

सात महिने गेले. मिस्त्रीच्या कानाचा पडदा भरला नाही असं ऐकलं होतं. गाडी दुरुस्त होऊन परत धावत होती. मी गॅरेजसमोरून जाताना वेग वाढवायचो. एके दिवशी सकाळी समोर ट्रॅक्टर आडवा आला म्हणून तिथंच थांबावं लागलं. शेडमध्ये एक टेम्पो चालू होता. मिस्त्रीनं सळई इंजिनला टेकवली होती आणि मूठ कानाला. एकदा उजव्या, एकदा डाव्या. मग त्यानं सळई बाजूला ठेवली आणि इंजिनच्या माथ्यावरच्या, डिझेल फवारणाऱ्या एका नोझलला पान्हा लावला. मला रस्त्यावरून, बसल्या जागी, ऐकू येत होतं की ठोका खालून येतोय, नोझलचा नाही. टेम्पोवाल्यालाही ऐकू येत होतं. तो म्हणाला, "आवं मिस्त्री, खालनं वाजतंय." मिस्त्रीनं ऐकलं नाही. टेम्पोवाल्यानं त्याच्या हातातून पान्हा हिसकावून घेतला, शेडमध्ये फेकला, "भैरा झालास तर घरी बस की!" म्हणाला आणि टेम्पो घेऊन गेला. मिस्त्री पान्हा उचलायला वाकला.

मी गाडी बाजूला लावून उतरलो. मला बघताच त्याची बायको आतून आली आणि हातात सापडली ती चप्पल तिनं माझ्या तोंडावर मारली. मी उभा राहिलो. तिनं परत मारली. मिस्त्रीनं तिला आवरलं नाही.

मी म्हणालो, "मिस्त्री, हळद मी टाकली हुती."

"काय?"

"हळद. रेडिएटरात. मी टाकली हुती."

त्यानं डोकं वळवून डावा कान पुढं केला, मग उजवा. "काय म्हंताय? मोठ्यानं बोला."

मी मोठ्यानं बोललो. त्याला पोचलं नाही. मग मी ओरडलो. रस्त्यावरची वाहनं जात होती, चहाच्या गाड्यावर आठदहा माणसं होती, आणि मला घशाच्या शिरा ताणून ओरडावं लागलं, "पाच मुठी हळद मी टाकली हुती! तुमी इचारलं तवा मी खोटं बोललो! तुमी रेडिएटर खोलाय लागला म्हनून मारलं!"

गाड्यावरच्यांनी कप खाली ठेवले. कोणी हसलं नाही.

मिस्त्री माझ्या ओठांकडं बघत होता. मग तो बायकोकडं वळला. "म्हंजे हेड बरोबर हुतं माझं?"

तिनं होकाराची मान डोलावली.

"हेड बरोबर हुतं!" तो गाड्यावरच्यांना म्हणाला, त्याच्या त्या नव्या, मोजता न येणाऱ्या आवाजात. "ऐकलं का? माझं काम बरोबर हुतं!" मग माझ्याकडं वळून, "परत सांग. त्या कडंच्याला ऐकाय आलं नसंल."

मी परत ओरडलो. त्यानं मला चार वेळा ओरडायला लावलं. नवीन कोणी चहाला आलं की बोट दाखवायचा. शेवटी माझा आवाज फाटला तेव्हा त्यानं विचारलं, "आन ज्यानं माझं हात धरलं हुतं त्याला सांगितलंस?"

मी मान हलवून नाही म्हणालो.

"मग हितं काय करतोयस? त्यानं तुझ्या शब्दावर धरलं हुतं. जा."

मी पिकअप तशीच गावी नेली. मेहुणा बांधावर उसाचा पाला ओढत होता. मी सगळं सांगितलं, विहिरीवर चार वेळा काढलेल्या पाण्यापासून. त्यानं आधी हातातला कोयता लांब फेकला. बरं केलं. मग त्यानं मला मारलं. मी हात वर केले नाहीत. उसाच्या सरीत पडलो तेव्हा त्यानं मला उचलून परत मारलं. वरचा एक दात गेला. तो रडत होता आणि मारत होता, आणि मधेच म्हणाला, "मी त्याचं हात धरलं, हात धरलं की मी." दमल्यावर बांधावर बसला. मीही सरीतच बसलो. रक्त थुंकत होतो.

"आत्ता कुटं आसंल त्यो?" त्यानं विचारलं.

"गॅरेजवर."

त्यानं मोटरसायकल काढली. मी मागं बसायला गेलो तर त्यानं हातानं अडवलं. माझ्या लग्नापासून त्यानं मला एकदाही एकेरी बोलून हाक मारली नव्हती.

"तू चालत ये," तो म्हणाला.

आमच्या शेतापासून ते गॅरेज अठरा किलोमीटर आहे. पिकअपची किल्ली खिशात होती. मी चालत गेलो.